वर्दिक्यो आणि कडवे वाल

युट्रेख्ट
१६ एप्रिल २०२०

ती. मामा,

दाराच्या मुठीला लटकवलेला डबा मिळाला. मी खिडकीतून हात करत होते, पण तुम्ही सायकलचं कुलूप काढण्यात गुंतला होतात. ट्रेन नको म्हणून डीमनहून इथवर सायकलवर आलात आणि तसेच परत गेलात. मामी काही बोलली नाही का?

ताप उतरलाय, खोकला आहे. हाउसआर्ट्स डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पॅरासिटामॉल घ्या आणि घरी राहा. ते तुम्हाला पाठच असेल. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, आईला तर नाहीच. मामीची आमटी गरम केली. वाफ तोंडावर आली, वास आला नाही. जेवले. गरम, खारट, थोडं आंबट, एवढंच कळलं. आमसूल होतं की चिंच, ते नाही कळलं. मग मी घरभर फिरून हिंग हुंगला, कॉफी हुंगली, संडासातलं ब्लीच हुंगलं. सर्दीत नाक चोंदतं तसं नाही हे. नाकच नसल्यासारखं आहे.

दुसऱ्या कुणाचं असं झालं तर गैरसोय होते. माझं नाक म्हणजे माझी नोकरी. आमची कंपनी इटलीहून वाइन आणून इथल्या डच रेस्टॉरंटना विकते, हे तुम्हाला माहीत आहे. आता रेस्टॉरंट बंद, म्हणून लोकांना घरपोच पेट्या पाठवायचं ठरलंय. प्रत्येक बाटलीबरोबर एक कार्ड: वास कसा, चव कशी, सोबत काय खावं. कार्डं मी लिहायची. माल चांगला आहे की नाही तेही मीच हुंगून सांगायचं आणि सही करायची. जानेवारीत कॉन्ट्रॅक्ट संपतं. ते वाढवलं नाही तर परमिटही जातं, आणि मग मी सांगलीला आईच्या घरी.

म्हणून विचारते. गावी तांदळाला ओल लागली की घरात सगळ्यांत आधी तुम्हाला कळायचं, असं आई सांगते. आजी म्हणे तुम्हाला कणगीजवळ उभं करायची आणि विचारायची, चंदू, काय म्हणतात तांदूळ? तुम्ही माझं नाक व्हाल का? प्यायचं नाही, फक्त हुंगायचं आणि कागदावर लिहायचं. चव मामी सांगेल, तिला वाटलं तर.

मेल करू नका, लॅपटॉप कंपनीचा आहे. फोनवर मी बोलायला लागले की खोकते, आणि आई मध्येच कॉलमध्ये शिरते. पत्रच बरं. लहान बाटल्यांत भरून वाइन पाठवते आहे. हिचं नाव वर्दिक्यो. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर मार्के म्हणून भाग आहे, मी शिकले तिथली. पांढरी आहे, खरं तर थोडी हिरवट.

नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही.

तुमची
मृण्मयी


डीमन
२२ एप्रिल २०२०

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

बाटल्या पोचल्या. पोस्टमनने दाराबाहेर ठेवल्या, घंटी वाजवली आणि लिफ्ट येईपर्यंत थांबायला नको म्हणून जिन्याने पळाला. मी त्या उचलून बाल्कनीत ठेवल्या आणि दोन दिवस आत आणल्या नाहीत. त्याचं कारण दारू हे नाही, किंवा तेवढंच नाही.

आपल्यात नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत आणि देवाला वाहायचं फूल हुंगत नाहीत, हे तू पाहिलं आहेस. लहानपणी परडी घेऊन येताना मी तोंड वाऱ्याकडे करून चालायचो. अनंताचा वास तरीही यायचा, मग आईला न सांगता परत झाडाकडे जायचो आणि दुसरी फुलं काढायचो. इथेही बाजारातून फुलं आणताना श्वास धरतो. फुलवाली बाई दर वेळी विचारते, सर्दी झालीय का. म्हणजे नाक आवरायला मी जन्मभर शिकलो, आणि तू म्हणतेस नाक लावा. परवा पूजा करताना सुचलं की जे देवाला जायचं नाही ते हुंगायला हरकत नाही. ही बाटली देवाला जाणार नाही. तेव्हा घेतली आत.

काचेच्या पेल्यात ओतली. आधी काहीच नाही, थंड काचेचा वास असतो तेवढा. मग लिंबाचं पान चुरगळल्यावर येतो तो. लिंबू नव्हे, पान. त्याच्या मागे हिरवं सफरचंद कापून थोडा वेळ तसंच ठेवल्यावरचा. पेला हातात धरून कोमट झाला तेव्हा भात कापून झाल्यावर शेतात पेंढ्याचा येतो तो वास आला. मला वाटलं नव्हतं की इटलीच्या बाटलीत पेंढा असेल. मी बराच वेळ तिथेच बसलो. ऑफिसची मीटिंग चालू होती, आवाज बंद करून ठेवला होता.

याला तुमच्यात काय म्हणतात ते तू बघ. मला जे आलं ते लिहिलं.

रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत. काळजी घे. नाक परत येईल. देवीला सांगितलं आहे.

तुझा
चंद्रहासमामा

ता. क. मी जयंतीमामी. तुझे मामा पेल्यात नाक घालून असे बसले होते की मला वाटलं पडतात आत. मग मी घोट घेतला. आंबट आहे, पण दात झिणझिणत नाहीत. गिळल्यावर शेवटी कडू लागतं, बदाम खाताना एखादा कडू निघतो तसं. मला आवडलं. हे वन्संना, म्हणजे तुझ्या आईला, कळवू नकोस. याच्याबरोबर कडव्या वालांचं बिरडं पाहिजे, खोबऱ्याच्या रसातलं. कडूला कडू लागतं. लिही तुझ्या कार्डावर.


युट्रेख्ट
२ जून २०२०

ती. मामा आणि प्रिय मामी,

कारिनने, म्हणजे माझ्या बॉसने, विचारलं की लिंबू आणि लिंबाचं पान यातला फरक तुला कुणी शिकवला. मी म्हटलं, घरी. खोटं नाही बोलले.

मामी, तो शेवटचा कडूपणा म्हणजेच वर्दिक्यो. तोच नसेल तर ओळखायची कशी? आम्हाला येझी गावाजवळ द्राक्षांच्या टेकड्यांवर फिरवताना तिथल्या बाई सांगायच्या की शेवट कडू नसेल तर पैसे परत मागा. तू एका घोटात सांगितलंस. तिथे अंकोनाच्या धक्क्यावर सगळ्या जातीचे मासे एकत्र रटरटवून कालवण करतात, त्याच्याबरोबर ही पितात. जाड हिरवी ऑलिव्ह खिमा भरून तळतात, त्याच्याबरोबर पितात. टेकड्यांवरचे लोक सशाचं मांस रानबडीशेपेच्या पाल्यात शिजवतात. तळणीचा तुपटपणा हिच्या आंबटाने धुतला जातो आणि जिभेवर पुन्हा जागा होते. हे सगळं मी कार्डावर लिहिलं, आणि सगळ्यांत शेवटी बिरडं लिहिलं. कारिन म्हणाली, हे काय? मी म्हटलं, कडवट शेंगदाण्यांची, नाही, कडवट कडधान्याची नारळातली भाजी. ठेव म्हणाली. डेव्हेंटरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी कृती मागवली आहे. मामी, लिहून पाठव.

माझं म्हणाल तर काही नाही. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय: लवंग, निलगिरी, लिंबू, गुलाब. चार बरण्या. रोज सकाळी तुम्ही देवापुढे बसता तशी मी बरण्यांपुढे बसते, डोळे मिटते, आठवून आठवून हुंगते. लवंग कशी होती हे आता आठवायला जड जातं. परवा दूध जळलं, भांडं काळं होऊन धूर दिसला तेव्हा कळलं. दिवसातून दोनदा आंघोळ करते, कारण मला घामाचा वास येतो की नाही हे मला कळत नाही. माणसांजवळ जायला लाज वाटते. सध्या जवळ जायचंच नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

पुढच्या बाटल्या सोबत आहेत. पेला गोल फिरवून पहिला वास घ्या, मग थोडं थांबून दुसरा.

तुमची
मृण्मयी


डीमन
१५ नोव्हेंबर २०२०

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

उशीर झाला. मला जरा कणकण होती, आता बरा आहे. मामीला खोकला आहे म्हणून ती आज लिहीत नाही. तू काळजी करू नकोस आणि येऊ नकोस.

ऑगस्टमध्ये बाल्कनीत अंतर ठेवून बसलो होतो, त्याची आठवण मामी सारखी काढते. तिने वर्दिक्योच्या घोटाबरोबर पाटवडी खाल्ली होती आणि म्हणाली होती की बेसनाला याच्याइतकं कुणी समजून घेतलं नाही. तू हसत होतीस. हसताना खोकली नाहीस, हे मी मनात नोंदलं.

तीन बाटल्या पाहिल्या. पहिली नेहमीसारखीच, लिंबाचं पान आणि पेंढा. दुसरी जास्त पिकलेली, सफरचंदाऐवजी नासपती म्हण. तिसरी जुनी आहे असं कागदावर लिहिलं आहेस. ती वेगळी. आमच्या शाळेच्या आवारात बकुळीचं झाड होतं. शनिवारी सकाळची शाळा, गुरुजी अजून आलेले नाहीत, आम्ही फुलं वेचून धाग्यात ओवतो आहोत. ती फुलं वाळली तरी वास सोडत नाहीत, उलट मधासारखा होतो. तसं काहीसं. त्याच्या खाली ओल्या कातळाचा थंडपणा, देवीच्या राईत दुपारी पाय ठेवल्यावर लागतो तसा. शेवट कडूच.

हल्ली फुलं आणताना श्वास धरावा लागत नाही. बाईनेही विचारायचं सोडून दिलं आहे.

पूजा चालू आहे. तुझ्यासाठी रोज एक फूल वेगळं वाहतो.

तुझा
चंद्रहासमामा


युट्रेख्ट
२२ नोव्हेंबर २०२०

ती. मामा,

बकुळ! मी ते वाचून किती वेळ बसून राहिले. डच भाषेत बकुळीला शब्द सापडला नाही, म्हणून ‘वाळलेली पांढरी फुलं आणि मध’ असं लिहिलं. कारिनने ते कार्ड सगळ्या ऑफिसला पाठवलं. दिवसेंदिवस तुमचं नाक तरुण होत चाललंय. आणि श्वास न धरता फुलं आणायची सोय मास्कने केली हे बेस. कुणाचं तरी भलं झालं.

मामीचा खोकला थांबला का? तिच्या दोन ओळी नसल्या की पत्र अळणी लागतं. फोन केला तर उचलत नाही. रुसली आहे का माझ्यावर?

आता मुद्द्याचं. ख्रिसमसच्या पेटीत ही जुनी वर्दिक्यो जाणार आहे. मोठी खेप आहे, आमच्या अख्ख्या वर्षाची भरपाई तिच्यावर. पण इटलीहून कुजबुज आली की त्यांच्याकडे बुचांची एक खेप खराब निघाली. खराब बूच लागलं की वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, ओल लागलेल्या गोणपाटाचा. तुमचा कणगीवाला वास. तेवढाच पाहायचा आहे. वेगवेगळ्या खोक्यांतल्या बाटल्या न उघडता, बुचासकट पाठवते आहे. ओल आहे की नाही, एवढंच लिहा. त्यावर मी सही करणार, आणि त्या सहीवर माझा जानेवारी अवलंबून आहे.

नसेल सांगता येत तर तसं लिहा, मामा. मी कारिनला सगळं खरं सांगून टाकेन आणि जे व्हायचं ते होऊ दे.

तुमची
मृण्मयी


डीमन
२८ नोव्हेंबर २०२०

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

ओल नाही. स्वच्छ आहे. सही कर.

मामी म्हणते, सणासुदीला हिच्याबरोबर अळूवडी चांगली लागेल.

मी कामात आहे, फोन उचलता आला नाही तर गैरसमज करून घेऊ नकोस. देवीची कृपा आहे.

मामा


युट्रेख्ट
१९ डिसेंबर २०२०

मामा,

काल कारिनने कुरिअरने एक खोकं पाठवलं. लोकांनी परत केलेल्या बाटल्या. अर्धवट प्यायलेल्या, काहींना बुचं नुसती घुसवून बसवलेली. सगळं पुन्हा बंद झालंय, ख्रिसमसचं जेवण घरातच करायचं आहे, म्हणून लोक जास्तच चिडलेत. एका माणसाने लिहिलंय की बाबांचा शेवटचा ख्रिसमस आहे, आणि आम्ही त्यांच्या पेल्यात तळघर ओतलं.

मी एक बाटली ओट्यावर ठेवली, बूच काढलं आणि ग्लास आणायला वळले. आणि मामा, मला वास आला.

कसला ते आधी कळलंच नाही. मी गॅस बघितला, खिडकी उघडली. मग ओट्यापाशी उभी राहून रडायला लागले. एप्रिलनंतर पहिल्यांदा काहीतरी आत आलं होतं. पेल्यात ओतून नाकाशी धरलं तेव्हा ओळखलं. ओला पुठ्ठा. गोणपाट. मी दुसरी उघडली. तोच. तिसरी. तोच. आनंद झाला होता, तो कुठे गेला ते कळलं नाही.

एवढा उग्र वास आहे की माझ्या मेलेल्या नाकाला कळला. तुम्हाला कळला नाही? मामा, तुम्ही त्या बाटल्या उघडल्या तरी होत्या का?

मामीचं वाक्य तुमच्या अक्षरात होतं, ते मी तेव्हाच पाहायला हवं होतं. मामी ‘सणासुदीला’ म्हणत नाही. मामीने मला एक टोमणा मारल्याशिवाय काही खायला सांगितलेलंच नाही.

मी कारिनला फोन करून सगळं सांगितलं. नाकाचं, तुमचं, एप्रिलपासूनचं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, तू एप्रिलमध्ये बोलली असतीस तर आपण काहीतरी केलं असतं. कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही. दुसरं काम शोधायला कायद्याने तीन महिने मिळतात.

मला तुमच्याशी भांडायचंही आहे आणि भांडवतही नाही. फक्त खरं लिहा. आणि मामी फोन का उचलत नाही ते लिहा.

मृण्मयी


डीमन
२३ डिसेंबर २०२०

मृण्मयी,

बाटल्या उघडल्या होत्या. मला वास येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ताप आला, त्यात गेला. पंधरा तारखेला लिहिलेली बकुळ बाटलीत नव्हती. तू कागदावर वाइनची नावं लिहून पाठवायचीस, त्यावरून आणि आठवणीवरून लिहिलं. मला वाटलं, तुझं नाक तर येईलच, तोवर आठवणीवर निभावेल.

माझ्यामुळे मामीला लागण झाली. तिचा खोकला छातीत उतरला. बावीसला तू पत्र लिहिलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली. ती चालत गेली, पायात चपला घालून. दाराशी तुझंच नाव घेऊन म्हणाली, मिनूला कळवू नका, ती एकटी असते, घाबरेल. वन्संनाही नको. त्याआधी खोकला ऐकू जाईल म्हणून ती फोन उचलत नव्हती, मग मीही उचलला नाही. आता तिला झोपवून श्वासाच्या नळीवर ठेवलं आहे.

तुझ्या बाटल्या आल्या तेव्हा मी घरात एकटा होतो. पेला नाकाशी धरला. पाणी असावं तसं. मला ‘सांगता येत नाही’ असं लिहिता आलं असतं. तू तसं लिहायला सांगितलंही होतंस. पण तसं लिहिलं की तू कारिनला सांगणार आणि तुझं जाणार, हे दिसत होतं. आणि मला त्या दिवसांत कुठल्याच गोष्टीला ‘गेलं’ म्हणायचं नव्हतं.

मग मी देवीला कौल लावला. गावी गुरव लावतात, मी पाहून शिकलो होतो, पण इथे कधी लावला नव्हता. दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पहिल्यांदा विचारलं, जयंती घरी येईल का. बराच वेळ लागला. उजवी पडली. मी साष्टांग घातला. मग त्याच कळ्या पुन्हा भिजवल्या आणि विचारलं, बाटली स्वच्छ आहे का. पुन्हा उजवी पडली. मी लगेच तुला पत्र लिहिलं आणि खाली जाऊन पेटीत टाकलं. चालताना मला हलकं वाटत होतं.

परवा तुझं पत्र आलं. मी तुझ्या नोकरीचं वाचलं, त्या माणसाच्या बाबांचं वाचलं. वाचून काय वाटलं ते तुला पुरतं कळेल असं मला लिहिता येणार नाही. तुझं नुकसान मी केलं, देवीने नव्हे. विचारायचं काय आणि आपण सांगायचं काय, हे माणसाला कळायला हवं. पण खरं लिहायला सांगितलं आहेस म्हणून हेही लिहितो. तुझं पत्र हातात धरून मला तुझ्याआधी दुसरीच गोष्ट आठवली. एकाच सकाळी, एकाच देवीपुढे, त्याच कळ्यांनी दोन कौल दिले, आणि त्यातला एक खोटा निघाला.

पूजा केली. कळ्या-फुलं आणली नाहीत, नुसती तुळस वाहिली.

हॉस्पिटलातली नर्स संध्याकाळी मामीच्या कानाशी फोन धरते. मी बोलतो. काल तिला सांगितलं, मिनूला वास यायला लागला. कसला ते नाही सांगितलं.

मामा


लेवार्डन
२० सप्टेंबर २०२१

ती. मामा,

जानेवारीनंतर हे पहिलंच पत्र. फोनवर आपण हवा आणि लसीवर बोलतो, ते निराळं.

मामीला निरोप दिला त्या दिवशी स्मशानगृहात खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. मोठ्या पडद्यावर आई सांगलीहून दिसत होती, आवाज बंद, तोंड हलत होतं. मामीच्या पेटीवर पांढरी फुलं होती. तुम्ही मागे वळून मला हळूच विचारलंत, वास आहे का गं फुलांना? मी आहे म्हणाले. खरं तर तेव्हा मला पुठ्ठा, धूर आणि जळकी कॉफी याशिवाय काहीच येत नव्हतं. तेव्हापासून मला तुमच्यावर पूर्ण रागावता आलेलं नाही. थोडी रागावलेली अजून आहे.

इथे डेअरीच्या प्रयोगशाळेत दह्याची आम्लता मोजते. यंत्र मोजतं, मी आकडे बघते, नाक लागत नाही. परमिट टिकलं. हे गाव सपाट आहे, वारा फार आहे. वास परत येतोय, पण वाकडातिकडा. कांदा परतला की रबर जळल्यासारखं येतं. लवंग मात्र आली. परवा सकाळी बरणी उघडली आणि ती होती.

दहा दिवसांनी अविधवा नवमी आहे, आईने फोनवर सांगितलं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी. तुम्ही मामीसाठी करणार असाल. सोबत एक बाटली पाठवते आहे. आमच्या त्या कंपनीची नाही, इथल्या साध्या दुकानातली, पण येझीचीच वर्दिक्यो आहे. मामीला आवडायची, हे मी आईला अजूनही सांगितलेलं नाही.

तुम्हाला ती घरात नको असेल तर बाल्कनीत ठेवा. बाटली बंद आहे. आत कशी आहे ते मला माहीत नाही, उघडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. कौल लावू नका.

तुमची
मृण्मयी


डीमन
१ ऑक्टोबर २०२१

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

काल तिथी झाली. तुला लिहायचं ठरवलं होतं म्हणून लिहितो.

कडवे वाल आठवड्याआधी बाजारातून आणले. भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, कोमट पाण्यात घालून एकेक सोलला. जयंती हे काम टीव्ही बघत करायची आणि तिच्या बोटांतून डाळिंब्या आपोआप सुटायच्या. माझे निम्मे मोडले. बिरडं, अळूवडी, वरणभात, खीर, एवढंच केलं. चाखायचं नव्हतंच. नैवेद्याचं म्हणून आई हाताच्या अंदाजाने मीठ घालायची आणि ते कधी चुकायचं नाही. मला अजूनही वास नाही आणि चव अर्धीमुर्धी आहे, तेव्हा चाखून तरी काय कळणार होतं. वालांचा आवाज बदलला तेव्हा आमसूल घातलं.

सवाष्ण म्हणून वरच्या मजल्यावरच्या अवनीला बोलावलं. पुण्याची मुलगी आहे, तिचा नवरा आणि ती दोघं इथेच घरून काम करतात. मामीने तिला भाकरी शिकवली होती. ती साडी नेसून आली, वर स्वेटर.

पूजा रोज चालू आहे. विचारणं बंद केलं आहे. कौल लावला नाही. तुझी बाटली देवघरापासून लांब, स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडली. बूच मधेच तुटलं, ते चमच्याने काढलं. मामीचं ताट मांडलं, तिचा फोटो ठेवला, तो ऑगस्टमधला, पाटवडी हातात असलेला. ताटाच्या उजव्या बाजूला पाण्याचं भांडं आणि त्याच्या शेजारी छोटा पेला भरून ठेवला. असं कुणी ठेवत नाहीत, मला माहीत आहे. गावी कळलं तर बोलतील. बोलू देत.

नैवेद्य दाखवून झाल्यावर अवनीला वाढलं. पेला तिच्यापुढे ठेवला तशी ती म्हणाली, “काका, सवाष्णीला वाइन? माझ्या सासूबाईंना कळलं तर मला दुसऱ्यांदा बोहल्यावर उभं करतील.” मी म्हटलं, “कळवू नकोस.” तिने घोट घेतला, बिरड्याचा घास घेतला, पुन्हा घोट घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. जे मला उभ्या आयुष्यात कुणाला विचारावं लागलं नव्हतं ते विचारलं, ओल लागलेल्या गोणीसारखा वास येतो आहे का. ती म्हणाली, नाही हो, छान आहे, लिंबाच्या झाडाखाली बसल्यासारखं आहे. मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण शेवटी जरा कडू लागतंय, काका.”

मी म्हटलं, तसंच असतं ते. बिरडं अजून घे.

मीठ बरोबर होतं म्हणाली. खरं की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

उरलेली बाटली ठेवली आहे. तू दिवाळीत येशील तेव्हा हुंगून सांग, पुठ्ठा आला तरी सांग.

एक लिहायचं राहिलं. मामीच्या पेल्यात ओतताना मी तोंड बाजूला केलं आणि श्वास धरला. मला काहीच येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी पेला भरून ताटाशी ठेवेपर्यंत धरून ठेवला.

तुझा
चंद्रहासमामा